मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधाच्या पोटातलं जुनं लाकडी दार ते,
भरतीला आपलं आपण मिटणारं,
ओहोटीला आपलं आपण उघडणारं.
माणसाने फक्त फळ्यांतला गाळ काढायचा
आणि कुर्ल्या कुठे पोखरतायत
तिकडे कान ठेवायचा.

मी पंचायतीत कारकून.
बांध फुटला की अर्ज लिहायचे:
नाव, वाडा, सर्व्हे नंबर, बुडालेलं क्षेत्र,
खारं पाणी शेतात किती दिवस (अंदाजे).
तीन वर्षं तीच त्रेसष्ट नावं.
पुढे पुढे तर बांध फुटायच्या आधीच
तारखेची जागा सोडून
मी अर्ज तयार ठेवायला लागले.

खोटं कशाला बोलू, त्या पैशांनी चुली पेटल्या.
फिलोमेनाचं इन्सुलिन त्यातून आलं,
आमच्या घराची कौलं त्यातून परतली.
उपाशी माणसाला धडा देऊ नये, आधी पेज द्यावी,
हे म्हाबळूही म्हणायचा.
फक्त त्याचा अर्ज कोरा परत यायचा.

"सही कर," म्हटलं.
"बाये, तू उतर."
"कुठे?"
"खाली."

अर्जांची पिशवी तिवराच्या फांदीला अडकवली.
चपला काढल्या.

पहिल्या दिवशी त्याने काहीच शिकवलं नाही.
मांडीभर चिखलात उभी करून विचारलं, काय ऐकू येतं?
मी म्हटलं, बगळा. फेरीबोटीचा भोंगा.
"म्हणजे अजून वरच आहेस," म्हणाला
आणि विडी पेटवली.

चिखल डोळ्यांना नाही, टाचेला विचारायचा.
टाच सुटताना चुळूक झालं तर पातळ,
गप्प सुटली तर कोरडा,
आणि मुका घेतल्यासारखी वाजली
(हे सांगताना म्हातारा लाजला)
तर घाल फावडं.

एक थर चिखल, एक थर कोरगुटाचा पेंढा,
परत चिखल, वरून पायांची तुडवण.
मध्ये कोंड्याचे खुंट, नदीच्या बाजूला कललेले,
भांडायला आलेल्या माणसापुढे
आपण जरा पुढे झुकतो ना, तसे.

आमचा पहिला बांध दोन भरत्या टिकला.
दुसरा एक.
कायतानचा रुझार चिखलातूनच ओरडला,
माहीत होतं तर सांगितलं का नाहीस?
म्हाबळू काठावर, हात पाठीमागे, नजर नदीवर.
मी फावडं धुवायला मागच्या बाजूने गेले
तेव्हा दिसली
त्याच्या बोटांची चुळबुळ.

शिमग्याच्या आधी तो गेला. साधा ताप.
चवथीच्या आदल्या आठवड्यात रात्री पाणी चढलं,
मानसाच्या डाव्या अंगाला मूठभर भोक,
मग पायलीएवढं.
आम्ही सात जणं, दोन बॅटऱ्या, एक शिवीगाळ करणारा रुझार.
कोण काय करत होतं आठवत नाही.
अंधारात टाचा ऐकू येत होत्या, एवढं आठवतं.
उजाडलं तेव्हा नदी नदीत होती.

त्या साली अर्ज लिहिलेच नाहीत, असं नाही.
अकरा लिहिले. खालच्या मेरेवर आम्ही पोचलोच नव्हतो.
म्हाबळूच्या सुनेने मात्र
सही केली. मी काही बोलले नाही.
तिला दोन लहान पोरं.

परवा फिलोमेनाची नात पोटरीभर चिखलात उभी,
खुंट उलटा कलवून ठोकतेय,
शेताकडे.
भरतीला अजून तासभर होता.
जीभ टाळ्याला चिकटवून मी काठावर बसले,
हात पाठीमागे.
मागून कुणी फावडं धुवायला गेलं असेल,
तर दिसलं असेल त्याला.